रिकाम्या सीटला बेल्ट लावा म्हणणारी गाडी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मार्च २०२५ मध्ये घेतलेल्या आमच्या गाडीला या महिन्यात अकरा महिने पूर्ण झाले आणि मीटरवर १२,६४० किलोमीटर झाले आहेत. मायलेज, एसी आणि डिकी यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी केवळ सीटबेल्टच्या घंटीविषयी आणि तिच्यापायी अधिकृत सर्व्हिस सेंटरला माराव्या लागलेल्या चार खेपांविषयी लिहिणार आहे. गाडीचे आणि डीलरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गाडी मला आजही आवडते आणि शेवटी दुरुस्ती त्याच डीलरकडे झाली.

आमचे घर देवगडजवळ जामसंड्याला आहे आणि माझी शाळा विजयदुर्गाच्या दिशेने एकोणीस किलोमीटरांवर आहे. रोजची ही ये-जा मी एकटीच करते. शनिवार-रविवारी बागेची कामे, बाजार, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नांदगाव तिठ्यावरून महामार्गाला लागून कुडाळ किंवा रत्नागिरी, असा साधारण वापर आहे. यापूर्वीची आमची गाडी २०११ सालची होती आणि तिच्यात बेल्ट लावला नाही तरी कोणी विचारत नसे. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी बेल्टचा इशारा, ताशी ८० किलोमीटरच्या वर गेल्यावर मधून मधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा वेगाचा इशारा, आणि मागे घेतानाचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. मागच्या सीटसाठीचा इशारा एप्रिल २०२५ पासून आला. आमची गाडी त्याच्या महिनाभर आधीची असली तरी तिच्यात मागचाही इशारा कंपनीने दिलेला होता.

पुढच्या सीटची घंटी कशी चालते हे पहिल्या आठवड्यातच उत्तरपत्रिकांनी शिकवले. बकलमध्ये एक लहान स्विच असतो, तो बेल्ट अडकला की नाही ते सांगतो. शेजारच्या सीटच्या गादीखाली चटईसारखा पातळ सेन्सर असतो, तो वजन ओळखतो. वजन आहे आणि बेल्ट नाही अशी स्थिती दिसली की गाडी थोडा वेग घेताच टिंग टिंग सुरू होते आणि हळूहळू चढत जाते. वजन माणसाचे आहे की उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे आहे हे तिला कळत नाही. आंब्याच्या दिवसांत पाच डझनांची पेटी शेजारी ठेवली की तिलाही बेल्ट लावावा लागे, आणि एकदा सवय झाल्यावर मला ते योग्यच वाटू लागले, कारण तळेबाजारच्या उतारावर अचानक गुरे आडवी आली तेव्हा ती पेटी जागची हलली नव्हती. फणसाला मात्र बेल्ट बसत नाही. फणस खाली पायांपाशी ठेवावा.

मागच्या सीटची घंटी आमच्या घरात अधिक उपयोगी पडली. आमच्या गाडीत मागे वजनाचा सेन्सर नाही. गाडी सुरू केली की तीन लाल खुणा दिसतात, बेल्ट लावाल तशा त्या हिरव्या होतात, आणि चालत्या गाडीत कोणी बेल्ट काढला तर लगेच आवाज होतो. सासूबाईंना मागे बसून बेल्ट लावणे हा अपमान वाटे. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “माका बांधून खंय व्हरतंस गो?” ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी असे मागे बसलेले दोघे गेले, दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता आणि पुढचे दोघे वाचले, हे मी त्यांना समजावून सांगितले होते, पण त्या वळल्या त्या सांगण्याने नव्हे. लाल खूण हिरवी झालेली पाहायला नातवाला आवडते आणि आजीची खूण लाल राहिली की तो गाडी सोडू देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे आणि मागे बसणाऱ्यालाही बेल्ट बंधनकारक आहे, तरी आमच्या रस्त्यांवर मागच्या सीटकडे कोणी वाकून पाहिल्याचे मला आठवत नाही.

येथपर्यंत सर्व ठीक होते. बिघाड जुलैत सुरू झाला.

एका पावसाळी सकाळी मी एकटी शाळेत जात असताना शेजारची रिकामी सीट बेल्ट मागू लागली. सीटवर पिशवी नव्हती, छत्रीही नव्हती. थांबून सीट चाचपली, पुन्हा निघाले, पुन्हा टिंग टिंग. अखेर त्या रिकाम्या सीटचा बेल्ट बकलात अडकवून शाळा गाठली. रविवारी सासूबाई मागे बसलेल्या असताना हाच प्रकार घडला तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारले, “थंय कोण बसलाहा?” आणि दुसऱ्या दिवशी वेशीवरच्या देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. पुढचे तीन दिवस गाडी गप्प होती, त्यामुळे घरातील तज्ज्ञ म्हणून माझे स्थान डळमळीत झाले. ते तीन दिवस कडक उन्हाचे होते, हे मला नंतर वहीतील नोंदींवरून समजले.

सर्व्हिस सेंटर आमच्या घरापासून दीड तासावर आहे. पहिल्या खेपेला सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉब कार्डवर ‘सीटबेल्ट नॉईज’ एवढेच लिहिले, स्कॅनर लावला, त्यात कोणताही एरर दिसला नाही, आणि निदान केले की सीट कव्हर जाड असल्यामुळे सेन्सरवर दाब येतो. ते कव्हर त्यांनीच गाडी देताना ९,५०० रुपयांना बसवून दिलेले होते, हे मी नमूद केल्यावर त्यांनी कव्हर थोडे सैल केले आणि गाडी परत दिली. त्या दिवशी ऊन होते. गाडी घरापर्यंत गप्प आली आणि चौथ्या दिवशी पाऊस लागताच पुन्हा वाजू लागली.

त्यानंतर मी एक वही गाडीत ठेवली. तारीख, पाऊस की ऊन, एसी चालू की बंद, शेजारची सीट रिकामी की भरलेली, किती किलोमीटरनंतर आवाज आला, आणि आवाजाबरोबर डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, एवढेच लिहीत गेले. चार आठवड्यांत नोंदी सत्तावीस झाल्या. पैकी बावीस वेळा एसी चालू होता आणि आवाज वळणावर किंवा चढावर सुरू झाला होता. पावसाचा संबंध मला वाटला होता तितका सरळ नव्हता. पाऊस पडला की काचांवर वाफ धरते म्हणून मी एसी लावते, हे वही वाचताना लक्षात आले.

दुसऱ्या खेपेला ही वही घेऊन गेले. ॲडव्हायझर वेगळे होते. त्यांनी वही पाहिली नाही, ड्रॉवर उघडला आणि बकलात अडकवायची एक धातूची पट्टी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “मॅडम, ही लावून ठेवा, आवाज कायमचा बंद. पैसे नकोत.” मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अधिक राग या क्षणी आला. ज्या क्लिपा विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ई-विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि १३,११८ जाहिराती खाली उतरवल्या गेल्या, ती क्लिप अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या ड्रॉवरमधून भेट म्हणून मिळत होती. एअरबॅगच्या नावातील ‘एसआरएस’ मधला पहिला एस हा ‘पूरक’ या अर्थाचा आहे. बेल्टने माणूस जागेवर धरला गेला असेल हे गृहीत धरूनच एअरबॅग फुटते, आणि बेल्ट नसलेला माणूस पुढे फेकला जात असताना समोरून येणारी तीच पिशवी त्याला इजा करू शकते. मी ती क्लिप परत केली आणि जॉब कार्डवर माझे वाक्य माझ्याच शब्दांत लिहून घेतले: ‘शेजारची सीट रिकामी असताना, एसी चालू असताना, साधारण वीस मिनिटांनंतर बेल्टचा दिवा व घंटी सुरू होते.’ त्याची प्रत घेतली. गाडी त्या दिवशीही दुरुस्त झाली नाही. कनेक्टरवर स्प्रे मारला, असे बिलावर लिहिले होते.

घरी येऊन कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दोन्ही जॉब कार्डांचे व वहीच्या पानांचे फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी डीलरच्याच वर्कशॉप मॅनेजरचा फोन आला. मधल्या काळात आमच्या बाजारातील वायरमनने गाडीखाली डोकावून “वायरीत पाणी गेला असतला” असे सांगितले होते आणि कार्पेट उचलून पाहण्याची तयारीही दाखवली होती. पण सीटखाली पिवळे कनेक्टर दिसताच त्याने स्वतःच हात मागे घेतला. पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात आणि बॅटरी न काढता त्यांना हात लावू नये, हे त्याला ठाऊक होते. तो मनुष्य दोन तास बसून एक चहा घेऊन गेला, पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी काउंटरवर न थांबता गाडीपाशी उभी राहिले. टेक्निशियन पंचविशीतला मुलगा होता. त्याने वही नीट वाचली, एसीच्या बावीस नोंदींवर बोट ठेवले, आणि सीट काढण्याआधी शेजारच्या सीटपुढील रबरी मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबला. तळव्याभोवती पाणी वर आले. बाहेरून कोरडे दिसणारे कार्पेट खालच्या फोमपर्यंत ओले होते आणि त्याला कुबट वास येत होता. नंतर त्याने गाडी लिफ्टवर घेतली, एसीचे पाणी बाहेर टाकणारी बोटाएवढी रबरी नळी शोधली आणि तिच्या तोंडात तार घातली. आतून मातीचा एक घट्ट गोळा खाली पडला आणि पाठोपाठ पाण्याची धार सुटली. तो गोळा हातात घेऊन फोडला तेव्हा आत वाळलेल्या दोन अळ्या निघाल्या.

कुंभारीण माशीचे घर होते ते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोकण रेल्वेने मुंबईला गेलो होतो आणि गाडी अठरा दिवस बागेतल्या मांगरात (छपरात) उभी होती. आमच्याकडे कुंभारीण खिडकीच्या भोकात, प्लगमध्ये, सायकलच्या दांड्यात घर करते. गाडीच्या नळीत करील हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. नळी बुजल्यामुळे एसीचे पाणी बाहेर न पडता आत उतरले, कार्पेटखालून सीटच्या खाली गेले आणि वजनाच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरले. वळणावर आणि चढावर पाणी हलत असल्यामुळे आवाज तेथे सुरू होत असे. त्याने कनेक्टर उघडून दाखवला. चारपैकी दोन पिना हिरवट झाल्या होत्या. समुद्राजवळ गंज जुनी दारे-कड्याच नव्हे, सहा महिन्यांची गाडीही खातो. जून-जुलैमध्ये रस्त्यावर थांबलेल्या इतर गाड्यांखाली एसीच्या पाण्याचे थारोळे दिसत होते आणि आमच्या गाडीखाली दिसत नव्हते, ही साधी गोष्ट मी रोज पाहत होते आणि वहीत लिहिली नव्हती.

पुढचा भाग पैशांचा आहे. वायरिंगचा तो तुकडा मागवावा लागला, आणि पाणी शिरल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही असे सांगून ३,८५० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले गेले. माशी ही उत्पादनातील त्रुटी नाही, हे मला मान्य होते. पण पहिल्या खेपेला कार्पेटवर एकदा हात ठेवला असता तर पिना गंजण्याआधी काम अर्ध्या तासात संपले असते, आणि दुसऱ्या खेपेला मिळालेला इलाज क्लिप हा होता, हे मी लेखी कळवले. उत्तरात क्लिपचा उल्लेख कोठेही नव्हता. भागाची किंमत ‘सद्भावना म्हणून’ माफ केल्याचे आणि केवळ मजुरीचे ९०० रुपये भरावे लागतील असे होते. चौथ्या खेपेला भाग बसला, कार्पेट काढून वाळवले गेले, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून आजपर्यंत रिकाम्या सीटने एकदाही बेल्ट मागितलेला नाही. चार खेपांचे पेट्रोल आणि दोन किरकोळ रजा हा खर्च कोणाच्याच बिलात नाही.

घंटीविषयी एक तक्रार मात्र अजून आहे. तिचा आवाज कमी करण्याची सोय नाही, आणि पार्किंग सेन्सर, वेगाचा इशारा व बेल्ट या तिन्हींचे आवाज इतके सारखे आहेत की महामार्गावर ट्रकला मागे टाकताना वेग ऐंशीच्या वर गेला की सासूबाई आधी स्वतःचा बेल्ट चाचपतात.

येत्या मे महिन्यात पुन्हा मुंबईला जायचे आहे. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधू का, असे मी त्या टेक्निशियनला विचारले, तेव्हा जाळीत कचरा अडकून पुन्हा तेच होईल म्हणून त्याने मनाई केली. त्यामुळे किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून जायचे ठरले आहे. त्यांनी दर चार दिवसांनी पंधरा मिनिटे एसी लावायचा आणि गाडीखाली पाणी ठिबकते का ते पाहून मला फोन करायचा.