श्रद्धा की आशा?

वसईतल्या कॅथलिक घरांत श्रद्धेवर भरपूर बोलले जाते, आशेवर फारच कमी. श्रद्धा म्हणजे देवाने प्रकट केलेले सत्य स्वीकारणे. मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस तिचे स्थान बुद्धीत मानतात, आशेचे इच्छाशक्तीत. म्हणूनच दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, विश्वासांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) म्हणणारा माणूसही आतून खचलेला असू शकतो. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली होडी वेळेत परतली नाही की हा फरक कळतो: देव आहे हे माहीत असते, तो सोडणार नाही हे मात्र धरून ठेवावे लागते. निराशा आशेला मारते, आपण तरणारच ही फाजील खात्रीही. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पत्करणारे वसईचे संत गोन्सालो गार्सिया मला आशेचेच साक्षीदार वाटतात. तिसरा ख्रिस्ती सद्गुण प्रीती, ती श्रद्धा आणि आशा या दोघींहून श्रेष्ठ, हे संत पौलाने सांगितलेच आहे. श्रद्धा पाया खरी. तरी धर्मशिक्षणाच्या वर्गात आज मी आशेला जास्त वेळ देईन.