मशीद बंदरचं दोरांचं दुकान: शीट मागितली, शीटच मिळाली

आमच्या छोट्या शिडाच्या होडीसाठी शीट घ्यायला गेलो होतो. नवख्यांना शीट म्हणजे शीडच वाटतं. शीट हा दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला किंवा बूमला, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याला, बांधतात. ओढला की शीड आत येतं, सैल सोडला की बाहेर जातं. शीड वर चढवतो तो हॅलयार्ड, तो वेगळा.

याआधी दुसरीकडे मला शीट म्हणून नायलॉन दिलं होतं. नायलॉन ताणतं. नांगराला तो गुण, कारण झटका पचतो. पण शीटला नको. दुपारी पश्चिमेचा वारा वाढला की मी ओढायचो आणि दोरच लांबायचा.

इथल्या काकांनी आधी विचारलं, "हातानं धरणार की विंचवर?" विंच म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं फिरतं चक्र. हातानं म्हटल्यावर वेणीचा पॉलिएस्टर काढला, १० मिमी. "पातळ चालेल हो, पण तळवे सोलतील." मग मापून १२ मीटर कापला आणि टोकं वितळवून बंद करून दिली.

रंग दोनच होते, गल्लीत हातगाड्यांची गर्दी. तरी जाच. परवा ससून डॉकसमोर जोरात टॅक मारला, म्हणजे होडीचं नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळवलं; दोर पुलीतून सरसर गेला, कुठे अडकला नाही.