कृषी केंद्राची बिलं मोजायला पॉवर बीआय डेस्कटॉप

बियाणं किती बिलांत गेलं, खत किती बिलांत, औषध किती बिलांत? खरिपाची गर्दी ओसरली की कृषी केंद्रवाल्याला हे कळायला हवं. रुपयांची बेरीज बिलिंग सॉफ्टवेअर देतंच, गटवार बिलं मोजायची म्हटली की गाडी अडते. या कामाला मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे आकड्यांचे तक्ते आणि रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर, चांगलं आहे. फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि विक्रीची फाइल त्याच संगणकात असेल तर नेट नसतानाही काम थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांत ही मोठी सोय आहे.

बिल नंबर नुसता आकडा असेल तर रिपोर्टमध्ये ओढताच त्याची बेरीज होते. तिला काहीच अर्थ नाही. नावाशेजारचा बाण दाबून 'काउंट' निवडलं तर ओळी मोजल्या जातात. आपल्याला हवा तो 'काउंट डिस्टिंक्ट', तो एक नंबर एकदाच मोजतो. चार बिलं घ्या. 211 मध्ये सोयाबीन बियाणं आणि बुरशीनाशक, 212 मध्ये डीएपी आणि युरिया ही खतं, 213 मध्ये कपाशीचं बियाणं आणि डीएपी, 214 मध्ये फक्त तणनाशक. ओळी झाल्या 7. वेगळी बिलं मोजली तर बियाणं 2, खत 2, औषध 2. आणि खाली एकूण येतं 4.

दोन दोन दोन सहा, मग चार कसे? इथे बरेच जण सॉफ्टवेअरला दोष देतात, पण चारच बरोबर आहे. 211 आणि 213 ही बिलं दोन-दोन गटांत मोडतात, दुकानात मात्र बिलं चारच फाटली. म्हणून या आकड्यांचा पाय चार्ट करू नका, त्यात सहाचे तुकडे पडतील. साधे आडवे पट्टे काढा. शेकडा काढायचा तर प्रत्येक गटाला एकूण 4 नेच भागा. तिन्ही गटांचे 50-50 टक्के येतील, बेरीज शंभरावर जाईल आणि ते चालतं.

खरी मेहनत फाइल साफ करण्यात आहे. पुष्कळ बिलिंग सॉफ्टवेअरच्या एक्सेलमध्ये बिल नंबर पहिल्याच ओळीवर असतो, खालच्या मालाच्या ओळी रिकाम्या. तसंच मोजलं तर ज्या गटात रिकाम्या ओळी आहेत तिथे त्या सगळ्या मिळून एक बिल धरल्या जातात, आणि मूळ बिलं त्या गटातून गळतात. पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयच्या फाइल साफ करायच्या खिडकीत, ट्रान्सफॉर्म, फिल, डाउन केलं की नंबर खाली उतरतो. सीएसव्ही फाइल असेल तर रिकाम्या मजकुराच्या जागी आधी 'नल' (null, म्हणजे काहीच नाही) भरा, नाहीतर फिल डाउन काही करत नाही.

दुसरी चूक सहज दिसत नाही. एप्रिलला नंबर पुन्हा 1 पासून सुरू होतात. बियाण्यावर जीएसटी नाही, म्हणून काही दुकानं त्याची बिलं वेगळ्या मालिकेत फाडतात. मागच्या वर्षीचं 211, यंदाचं 211 आणि दुसऱ्या मालिकेतलं 211 मिळून एकच बिल मोजलं जातं. वर्ष, मालिका आणि नंबर हे तीन कॉलम 'मर्ज कॉलम्स'ने जोडून एक ओळख करा आणि तीच मोजा. माल परत आल्यावर दिलेल्या क्रेडिट नोट मोजण्याआधी गाळून टाका.

मालाची यादी, विक्रीच्या ओळी आणि बिलं अशी वेगळी टेबलं जोडली असतील आणि प्रत्येक गटासमोर सारखाच आकडा येत असेल तर बिल नंबर चुकीच्या टेबलातून घेतला आहे. मालाच्या यादीतला गट विक्रीच्या ओळींपर्यंत पोचतो, तिथून बिलांच्या मुख्य टेबलाकडे उलटा जात नाही. ओळींच्या टेबलातली बिलाची ओळख घ्या, आकडे लगेच सुटे होतात.

तयार रिपोर्ट पेन ड्राइव्हवर देता येतो. नेटवरून भागीदाराला किंवा सीएला दाखवायचा तर प्रो परवाना लागतो, त्याचे पैसे पडतात. एकाच दुकानाचा एका हंगामाचा हिशेब असेल तर इतकं शिकायचीही गरज नाही, एक्सेलचं पिव्होट टेबल पुरतं. विंडोजवर एक्सेल 2013 किंवा पुढचं हवं, आणि पिव्होट घालतानाच डेटा मॉडेलच्या चौकटीत टिक करा. ती राहिली तर 'डिस्टिंक्ट काउंट' यादीत दिसतच नाही, पिव्होट पुन्हा घालावं लागतं.