घाऊक दुकान: भावापेक्षा बिल चोख

घाऊक दुकानाबद्दल लिहिताना बहुतेक जण भावावर बोलतात. मला मात्र या दुकानाची बिल करण्याची पद्धत अधिक उल्लेखनीय वाटली. रोखीने पैसे दिले की कर लागत नाही, असा समज अनेक ग्राहकांत असतो आणि काही विक्रेते तो सोयीस्करपणे जपतातही. कर विक्रीच्या व्यवहारावर लागतो, पैसे कोणत्या मार्गाने दिले यावर नव्हे, हे येथे गल्ल्यावरचा माणूस न कंटाळता समजावतो, आणि रोखीच्या बिलावरही मूळ किंमत, कराचा दर व कराची रक्कम वेगवेगळी छापलेली असते.

माल जास्त घेतला म्हणून करमाफी मिळत नाही. जिथे विक्रीकर केवळ अंतिम ग्राहकाकडून घेतला जातो, तिथे करातून सूट हवी असेल तर माल पुनर्विक्रीसाठीच घेतल्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे द्यावे लागते. मूल्यवर्धित करपद्धतीत (जिथे विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर कर लागतो) मात्र घाऊक खरेदीदारही कर भरतो आणि पुढे स्वतःच्या विक्रीवरील करातून त्याची वजावट घेतो. ही वजावट बिलावरच अवलंबून असल्याने, बिल करण्यापूर्वीच खरेदीदाराचा कर-नोंदणी क्रमांक विचारण्याची या दुकानाची सवय मोलाची आहे. त्याच खेपेत घरच्या वापराच्या वस्तू असतील, तर त्यांचे बिल वेगळे केले जाते (हे सांगूनही न करणारे विक्रेते कमी नाहीत).

परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट (त्या मालाची रक्कम व कर बिलातून वजा केल्याचा कागद) मात्र वेळेवर मिळत नाही, आणि तोवर कराचा हिशेब अडकून राहतो.