पिरानेसीची ‘पोर्ता माज्जोरे’ : विकत घेतलेल्या प्रतिकृतीचे परीक्षण

रोममधील पोर्ता माज्जोरे या प्राचीन वेशीचे अठराव्या शतकातील इटालियन मुद्राचित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याने १७७५ च्या सुमारास केलेले एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेले चित्र) मी प्रतिकृतीच्या रूपाने मागवले, त्याला आता दोन महिने झाले. जुन्या मुद्राचित्रांच्या प्रतिकृती ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाने ती जाड सुती कागदावर छापून, चौकटीविना, ४,२०० रुपयांना दिली. पुठ्ठ्याची नळी भक्कम होती, कागदाला कुठेही मोड पडलेली नव्हती आणि प्रतिकृती ठरल्या दिवशी आली. त्याबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदावर काय आले आणि काय आले नाही याविषयी.

पोर्ता माज्जोरे मुळात वेस म्हणून बांधलीच गेली नव्हती. अॅक्वा क्लॉडिया आणि आनिओ नोव्हुस हे दोन जलसेतू रस्त्यांवरून पलीकडे नेण्यासाठी सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ. स. ५२ मध्ये, ट्रॅव्हर्टाइन दगडाची ही जोडकमान उभी राहिली. पुढे तिसऱ्या शतकात ऑरेलियनने शहराभोवती तट घातला, तेव्हा ती त्या तटात सामावली गेली आणि वेस झाली. पाण्याच्या पाटांच्या बाहेरच्या अंगावर एकाखाली एक तीन शिलालेख आहेत : बांधणाऱ्या क्लॉडियसचा, आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्या व्हेस्पॅसियन व टायटस यांचे. पिरानेसीने मात्र ठशाच्या तळाशी जे शीर्षक कोरले, त्यात जलसेतूंच्या दुरुस्तीबद्दल सम्राट टायटसने उभारलेले स्मारक असे या वास्तूचे वर्णन आहे. बांधणाऱ्याला डावलून डागडुजी करणाऱ्याला दिलेले हे श्रेय माझ्या मते या ठशातील सर्वांत बोलकी ओळ आहे, कारण अठराव्या शतकातला माणूस त्या दगडांकडे कोणत्या समजुतीने पाहत होता हे ती सांगते.

नेमकी हीच ओळ दुकानाने कापून टाकली आहे. प्रमाणित आकाराच्या चौकटीत चित्र बसावे म्हणून तळाची संपूर्ण पट्टी छाटलेली आहे आणि वस्तूच्या वर्णनात त्याचा उल्लेखही नाही. मी लेखी विचारणा केली, तेव्हा ‘चित्राचा भाग पूर्ण आहे’ असे उत्तर आले. नकाशावरची सूची आणि प्रमाणपट्टी कापून नकाशा पूर्ण असल्याचे सांगण्यातलाच हा प्रकार आहे.

दुसरा दोष छपाईचा आहे. पिरानेसी तांब्याचा पत्रा आम्लात एकदाच बुडवून थांबत नसे. फिकट हव्या असलेल्या रेषा झाकून उरलेल्या पुन्हा पुन्हा खोल करीत असे, आणि म्हणून त्याच्या ठशांत दूरचे आकाश केसाएवढ्या रेषांचे, तर जवळच्या दगडांचे सांधे दाट काळे दिसतात. या वेशीचे चिरे मुद्दामच ओबडधोबड ठेवलेले असल्याने तिच्यासाठी ही पद्धत फारच साजेशी होती. प्रतिकृतीत मात्र सावल्यांचा नुसता काळा गोळा झाला आहे आणि आकाशातील रेषा जागोजागी तुटल्या आहेत. पिरानेसीच्या मृत्यूनंतरही, १७७८ नंतर कित्येक दशके, त्याच्या पत्र्यांवरून ठसे काढले जात होते आणि झिजलेल्या पत्र्याचा ठसा फिका येतो. म्हणून कोणत्या ठशावरून प्रतिकृती केली हे विक्रेत्याने सांगायला हवे होते.

नोंद म्हणून पिरानेसीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही खरे. तो माणसे चिमुकली काढून वास्तू अवाढव्य भासवतो. ज्याच्याकडे तो उमेदीच्या काळात शिकला त्या जुझेप्पे वाझीने १७४७ च्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग रोमच्या वेशी आणि तटालाच वाहिला होता. वाझी नाट्य कमी करतो, म्हणून दोघांचे ठसे शेजारी ठेवून पाहावेत. १८३८ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीच्या आज्ञेने रोमन सम्राट होनोरियसच्या काळातील वेशीचे बुरूज पाडले गेले आणि आत दडलेले एउरिसाकेस नावाच्या पाववाल्याचे थडगे उघडे पडले. आज तिथे ट्रामगाड्यांचा राबता आहे. १८३८ पूर्वीची वेस पाहायची तर अशा जुन्या चित्रांकडेच वळावे लागते. गंमत अशी की पिरानेसीचे तांब्याचे पत्रे पॅरिसहून रोमला परत आले तेही याच पोपच्या कारकिर्दीत.

पाचपैकी दोन तारे, तेही कागदासाठी. अनेक संग्रहालयांनी पिरानेसीच्या ठशांची उत्तम छायाचित्रे मोफत खुली केलेली आहेत. ती उतरवून घेऊन गावातल्या चांगल्या छापखान्यात छापली तर निम्म्या खर्चात अखंड ठसा मिळेल. मी तशाच एका छायाचित्रावरून शीर्षकाची पट्टी छापून घेतली आणि चौकटीत चित्राखाली बसवली. दोन कागदांचा पांढरेपणा थोडा वेगळा आहे, आणि दिवसा तो जोड दिसतो.