लोखंडी की फायबर: वायरलेसला कोणती बोट मानवते?

नवी मासेमारी बोट बांधायला टाकताना इंजिन, जाळी, बर्फाचा खण यांचा हिशेब आधी होतो. व्हीएचएफ (जवळच्या अंतरावर बोलायचा वायरलेस), एआयएस (बोटीची ओळख आणि जागा इतरांना कळवणारं यंत्र), फिशफाइंडर (मासे हुडकणारं यंत्र) शेवटी जागा उरेल तिथे ठोकतात. पुढे वायरलेसवर ऐकू येणारी खरखर बऱ्याचदा तिथेच ठरलेली असते.

लोखंडी बॉडी म्हणजे बंद डबा. इंजिनरूममधल्या अल्टरनेटर-इन्व्हर्टरचा गोंगाट, म्हणजे विजेच्या यंत्रांतून निघणाऱ्या नकोशा रेडिओलहरी, बराचसा आतच कोंडला जातो, अर्थिंगही आयतं मिळतं. केबिनची गोष्ट मात्र वेगळी. संकटात हाक मारायच्या व्हीएचएफ चॅनल १६ ची फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी जेमतेम १.९ मीटर; मीटरभर रुंद खिडकीतून ती लहर सरळ बाहेर पडते. केबिनमधला गोंगाट छपरावरच्या अँटेनाला भिडतोच, पत्रा कितीही जाड असो. शिवाय लोखंड कंपासची सुई ओढतं, म्हणून मोठं वेल्डिंग झालं की कंपास पुन्हा तपासून घ्यावा लागतो. गंजलेले शॅकल (जोडकड्या) आणि तारांचे जोड डायोडसारखे, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागासारखे, वागतात आणि सेटवर बोलताना नको ते सिग्नल तयार करतात. यावर उपाय म्हणजे जोड घासून साफ ठेवणे.

फायबर रेडिओलहरींना अडवतच नाही. कंपास सुखी, पण प्रत्येक वायर अँटेना होते. त्यामुळे गोंगाट उगमापाशीच मारावा लागतो: प्लस-मायनस वायरी एकमेकींना पिळून न्यायच्या, ट्रान्सड्यूसरची (फिशफाइंडरचा पाण्यात ध्वनी सोडणारा भाग) केबल पॉवर केबलपासून शक्य तितकी लांब ठेवायची, ओलांडावीच लागली तर काटकोनात. एचएफ (लांब पल्ल्याचा वायरलेस) सेट असेल तर पाण्याखालची अर्थ प्लेट आणि तिच्यापर्यंत रुंद तांब्याची पट्टी बांधणीतच घालून घ्यावी; नंतर घालणं महागात जातं. एक फायदा आहे: तळ भरीव फायबरचा असेल, आत फोम नसेल, तर ट्रान्सड्यूसर भोक न पाडता आतूनच बसतो.

ॲल्युमिनियम गोंगाट अडवतं, सुईलाही ओढत नाही. पण वायरिंगमधून गळणारा करंट पाण्याखालचा पत्रा खातो. वायरमन पक्का नसेल तर ॲल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नये.

किनाऱ्यालगत फिरणाऱ्या, व्हीएचएफ-जीपीएसवर भागणाऱ्या बोटीला फायबर पुरे. वाचलेले पैसे चांगल्या केबलवर घाला. रडार, एचएफ, जनरेटर असलेल्या ट्रॉलरला आम्ही लोखंडीच सुचवू.

बोट कोणतीही असो, स्वस्त एलईडी दिवे घात करतात; अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये तसा इशाराच दिला होता. ताबा घेण्याआधी तपासा: दिवे बंद ठेवून शांत चॅनलवर स्क्वेल्च (वायरलेसची खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच फिरवा, मग एकेक दिवा लावा. खरखर परतली तर तो दिवा दुकानदाराला परत करा.