मंद हेडलाइट: एलईडी बल्ब घालावा की रिले हार्नेस?

पॉप-अप दिव्यांची जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. झाकणं दिमाखात वर येतात, पण रस्त्यावर पडतो तो पिवळट, मलूल उजेड. मग दोन उपाय सुचवले जातात. एक, हॅलोजन काढून एलईडी बल्ब घाला. दुसरा, हॅलोजन राहू द्या आणि त्याला रिले हार्नेसमधून, म्हणजे रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि जाड तारांच्या वेगळ्या जुडग्यातून, थेट वीज द्या. माझी गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे, दिव्यात एच4 बल्ब (लो बीम म्हणजे जवळचा आणि हाय बीम म्हणजे लांबचा झोत एकाच बल्बमध्ये असलेला हॅलोजन). दोन्ही उपाय मी याच गाडीवर वापरले आहेत. तुमचा अनुभव थोडा वेगळा असू शकेल, पण माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे कळेलच.

काहीही मागवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. बल्ब मंद आहे म्हणजे बल्बच वाईट, असं क्वचितच असतं. इंजिन चालू, लो बीम चालू, बल्बचा प्लग जागेवर. एक टोक मुख्य फ्यूजबॉक्समधल्या जाड टर्मिनलला आणि दुसरं बल्बच्या मागच्या पॉझिटिव्ह पिनला लावा. (या गाडीत बॅटरी डिकीत असते, त्यामुळे बॅटरीपासून मोजायला गेलात तर तारा पुरणार नाहीत.) मीटरवर दिसतील तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की वायरिंगवर संशय घ्यायचा. मग हेच अर्थच्या, म्हणजे करंट बल्बमधून गाडीच्या पत्र्याकडे परत जातो त्या, बाजूला करा. ही बाजू बहुतेक जण विसरतात आणि दोष निम्म्या वेळा तिथेच सापडतो, निदान मला तरी.

एकच दिवा मंद असेल तर त्या दिव्याचा स्वतःचा अर्थ किंवा प्लग तपासा. पॉप-अप दिव्यांत तारा प्रत्येक उघडझापीला वाकतात, त्यामुळे वरून धड दिसणाऱ्या वेष्टनाच्या आत तांब्याचे निम्मे धागे तुटलेले असू शकतात. प्लग काढून नीट पाहा: तीनपैकी एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, नखाने दाबलं की कुरकुरीत तुकडा निघतो, पितळी पट्टीची चमक जाऊन ती काळपट निळी पडलीय. असं दिसलं तर तिथे रोज उष्णता होतेय आणि तेवढा उजेड वाया जातोय. आणि रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशाची, चांदी उडाली असेल तर पुढचं वाचून फायदा नाही. आधी दिव्याचं घर बदला.

एवढ्याशा गळतीने इतका फरक पडतो कारण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो. व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड सुमारे 30 टक्के घटतो. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ-दहा अँपियर, आणि ते तीस वर्षं झिजलेल्या संपर्कांतून.

आता एलईडी. त्याचं जे चांगलं ते आधी. बसवायला सोपा. करंट हॅलोजनच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे जुन्या स्विचला खरोखर आराम मिळतो. त्याच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे करंट स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमुळे, अर्धा-एक व्होल्ट गळला तरी उजेड हलत नाही. पहिल्या रात्री तर डोळे सुखावतात, बॉनेटपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो. बल्ब थंड ठेवणारा फॅन आणि ड्रायव्हरची डबी दिव्याच्या त्या हलत्या घरात कोंबताना जरा कसरत होते, रेडिओत थोडी खरखर येते, पण या गोष्टींशी जमवून घेता येतं.

मला जमवून घेता आलं नाही ते एकाच गोष्टीशी. समोरून येणारी गाडी मला डिपर मारायची. अधूनमधून नव्हे, रात्र पडली की सतत. माझी गाडी इतकी बुटकी की तिच्या दिव्यांचा त्रास कुणाला व्हायचं कारण नव्हतं, तरीही. म्हणून दिवे भिंतीसमोर लावून पाहिले. हॅलोजनला जिथे स्वच्छ आडवी रेघ पडायची, वर अंधार आणि खाली उजेड, तिथे आता पांढरट धुकं पसरलेलं होतं. कारण एच4च्या रचनेतच आहे. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि ती रेघ तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या बारीक फिलामेंटची नेमकी जागा धरून आखलेला असतो. एलईडी बल्बमध्ये त्या जागी दोन चपट्या चिप्स असतात, मध्ये धातूची पट्टी. वाटीची नक्कल करणारे बल्ब मिळतात आणि काही बरे असतातही, पण माझ्या दिव्यात रेघ काही परत आली नाही.

मग मी दिवे खाली झुकवले. डिपर थांबले, पण माझा लांबचा उजेड गेला. बॉनेटसमोरचं अंगण लख्ख, आणि त्यापलीकडे काळोख. जवळचा रस्ता इतका चकाकतो की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरची वस्तू आणखी उशिरा दिसते. पावसात हे सगळं दुप्पट जाणवतं. दिवे वर केले की समोरच्याला त्रास, खाली केले की मला. या दोहोंच्या मधली जागा मला सापडली नाही. नियमांचंही आहेच: हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालणं बऱ्याच देशांत चालत नाही. जर्मनीत 2020 पासून काही बल्बना मान्यता मिळू लागली, तीसुद्धा ठरावीक मॉडेलांच्या तपासलेल्या दिव्यांपुरतीच.

रिले हार्नेस बसवायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. कल्पना अगदी साधी आहे: जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, बल्बचा करंट जाड तारेतून थेट मुख्य पुरवठ्यावरून येतो. लो बीमला एक रिले, हाय बीमला एक. पुरवठा घेतो तिथेच, तारेच्या सुरुवातीलाच फ्यूज हवा. अर्थही नवीन, रंग खरवडलेल्या पत्र्यावर. विकत घेण्याआधी गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहा, कारण काही जपानी गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नव्हे तर अर्थची बाजू जोडतो आणि तिथे साधा हार्नेस चालत नाही. पॉप-अपपाशी तारेला पुरेसा ढिला वळसा ठेवा आणि झाकण हाताने, मोटरवरच्या गोल खुंटीने, सावकाश वरखाली करून ती कुठे अडकत नाही ना ते बघा.

फरक? माझ्याकडे उजेड मोजायचा लक्समीटर नाही. पण रंग पिवळट होता तो पांढऱ्याकडे सरकला आणि ज्या वळणावर मी नेहमी वेग कमी करायचो तिथे कडेचा दगड वेळेत दिसायला लागला. मुख्य म्हणजे रेघ जिथल्या तिथे राहिली. त्यानंतर डिपर मिळाल्याचं आठवत नाही. उणी बाजूही आहे: पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर हॅलोजन लवकर जातो. व्होल्टेज 5 टक्के वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. मी एक जोडी बल्ब गाडीत ठेवतो. आणि हार्नेस आहेच म्हणून 100 वॅटचे बल्ब घालायचा मोह टाळा. रिफ्लेक्टर आणि प्लग दोन्ही भाजून निघतात.

रात्री फक्त शहरातल्या उजळलेल्या रस्त्यांवरून फिरत असाल, स्विच अगदी शेवटच्या घटका मोजत असेल आणि तुमच्या देशात परवानगी असेल, तर एलईडीला मी ठाम नाही म्हणणार नाही. फक्त बल्ब कायमचा ठरवण्याआधी भिंतीवरची रेघ बघा. अंधाऱ्या, वळणावळणाच्या रस्त्यांसाठी गाडी ठेवली असेल, आणि अशी गाडी बहुतेक जण त्यासाठीच ठेवतात, तर मी हार्नेसच बसवेन. सुरुवात प्लग आणि अर्थ साफ करून करा. अनेकदा तेवढ्यावरच निम्मं काम होतं, आणि हार्नेस किती घाईने हवाय ते मीटर पुन्हा लावल्यावर कळतं.